बदकं मरत नाहीत, म्हणून तपासायची: चोडणच्या खाजनातून

चोडणची_सून
९ जानेवारी, रात्री ९:४०

आमचं चोडण म्हणजे गोव्यात मांडवीतलं बेट. परवा सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजून गेला आणि त्याच्या मागोमाग तिघं जण दारात. एक डॉक्टर, एक मदतनीस आणि खांद्याला थर्माकोलचा डबा लावलेला एक पोरगा. "तुमच्याकडे मोकळी सोडलेली बदकं आहेत ना? बर्ड फ्लूसाठी नमुने घ्यायचे आहेत."

सासूबाई मागच्या पडवीत तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "म्हज्या बदकांक कितेंच जावंक ना. एकूय मरूंक ना."

डॉक्टर हसले. म्हणाले, "आजी, मरत नाहीत म्हणूनच तर आलो."

हे वाक्य दोन दिवस डोक्यात फिरतंय, म्हणून हा धागा.

आमची चौदा बदकं. बारा साधी गावठी आणि दोन ती लाल गाठींच्या तोंडाची, जी ओरडत नाहीत, नुसती फुसफुसतात. सकाळी खुराडं उघडलं की रांगेनं मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) बाजूनं खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या भातशेतात, उतरतात, दिवेलागणीला आपणहून परत. दिवसभर कुठे जातात, कोणाच्या शेतात शिरतात, कोणाबरोबर पोहतात, देवाला ठाऊक. नोव्हेंबरात भात कापून झालं की त्यांची चंगळ. सांडलेले दाणे, गोगलगायी, बेडकाची पिल्लं.

डॉक्टरांची फेरीबोट उशिरा लागली, त्यामुळे ते पोचेपर्यंत बदकं शेतात गेलेली. मग सासूबाईंनी ॲल्युमिनियमच्या टोपात शीत घेतलं आणि बांधावर उभं राहून "ती ती ती ती" केलं. पाच मिनिटांत सगळी रांगेत हजर. मदतनीसाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, कारण तो जाळं घेऊन शेतात उतरायच्या तयारीत होता. त्यानं पहिलं बदक कोंबडीसारखं पाय धरून उचललं आणि सासूबाईंनी त्याला जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही. बदकाचे पाय नाजूक, लगेच दुखावतात. पंखांसकट अंग कवेत घ्यायचं, डोकं आपल्या मागच्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, "आजींनीच धरावं."

तर सासूबाईंनी धरलं आणि डॉक्टरांनी काम केलं. हातमोजे, मास्क, ॲप्रन. एक लांब काडी, टोकाला कापसासारखं काहीतरी. चोच उघडून घशात फिरवली. दुसरी काडी मागच्या मार्गात, हलकेच गोल फिरवून. दोन्ही काड्या गुलाबी पाण्याच्या छोट्या बाटल्यांत, बाटलीवर आकडा, बाटली बर्फात. पंखाखालची शीर शोधून थोडं रक्तही घेतलं. एकेका बदकाला तीनेक मिनिटं. फुसफुसणाऱ्यातला नर मदतनीसाच्या हाताला चांगलाच ओरबाडून गेला, त्यांच्या नख्या भलत्याच धारदार असतात.

तेरा झाली. चौदावी, जिला घरात सगळे म्हातारी म्हणतात, ती लाकडांच्या ढिगामागे अंड्यांवर बसलीय. तिला उठवायला सासूबाईंनी साफ नकार दिला.

आता माझे प्रश्न. धडधाकट बदकांची तपासणी का? शेतात उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांचा याच्याशी काय संबंध? आणि सासूबाईंना रात्री झोप येत नाही तो प्रश्न: त्यात काही निघालं तर सगळी मारणार का?

---

पशुवैद्य_निवृत्त
९ जानेवारी, रात्री ११:०५

ताई, तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. आम्ही कॉलेजात बदक धरायला शिकलो नव्हतो, फील्डवर अशाच एका आजीनं शिकवलं.

बर्ड फ्लूचे विषाणू मुळात पाणपक्ष्यांचे. रानबदकांच्या आतड्यात ते पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेत आणि तिथे सहसा त्रास देत नाहीत. विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. असे सौम्य विषाणू कोंबड्यांत शिरले आणि त्यांच्यात फिरत राहिले की त्यातल्या एच५ आणि एच७ या जातींमध्ये कधीकधी एक बदल होतो. विषाणूवरच्या एका प्रथिनाचे दोन तुकडे झाल्याशिवाय तो पेशीत शिरू शकत नाही. सौम्य विषाणूचं हे प्रथिन कापणारी कात्री फक्त आतड्यात आणि श्वासनलिकेत असते. बदल झालेल्याचं प्रथिन अंगातल्या कुठल्याही पेशीत कापलं जातं. मग तो मेंदू, हृदय, यकृत, सगळीकडे पसरतो. कोंबड्यांचा अख्खा कळप ४८ तासांत आडवा होऊ शकतो तो यामुळे.

आता गंमत बघा. तोच जहाल विषाणू पुन्हा बदकात गेला, तर बदक दर वेळी मरत नाही. काही प्रयोगांत बदकांनी १७ दिवसांपर्यंत विषाणू बाहेर टाकलेला आढळला, तेही खात-पीत, पोहत, अंडी घालत. म्हणजे आजारी कोंबडी बोंब मारते, बदक गुपचूप वाटत फिरतं. कोंबड्यांच्या बाबतीत 'मेल्या की कळवा' हे चालतं. बदकांच्या बाबतीत मरतुकीची वाट बघत बसलात तर तुमच्याआधी शेजाऱ्याच्या कोंबड्या मरतील आणि तुम्ही म्हणाल, आमच्याकडे तर सगळं ठीक आहे.

दोन काड्या का? जुने सौम्य विषाणू मुख्यतः विष्ठेतून पडतात, अलीकडचे जहाल एच५एन१ घशातून जास्त. एकच घेतली तर अर्धी गोष्ट हुकते. काडीतून आज विषाणू आहे का ते समजतं, रक्तातून पूर्वी येऊन गेला का ते. मात्र बदकांची प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला रक्तात तयार होणारी प्रथिनं) नेहमीच्या चाचणीत कोंबड्यांइतकी ठळक दिसत नाहीत, त्यामुळे एकट्या रक्तावर भिस्त ठेवत नाहीत.

मारण्याबद्दल उद्या सविस्तर लिहितो, डोळे मिटताहेत.

---

मांडवीकाठ
१० जानेवारी, सकाळी ७:१५

"गुपचूप वाटत फिरतं." आमच्या वाड्यावर असे दोन माणसं आहेत.

---

कोची_रिटर्न
१० जानेवारी, सकाळी ८:३०

डॉक्टरसाहेब, माफ करा, पण 'बदकं मरत नाहीत' हे मला पटत नाही. मी केरळात नोकरीला होतो. कुट्टनाडमध्ये २०१४ साली एच५एन१ आला तेव्हा बदकंच पटापट मेली. २०१६ ला एच५एन८, तेव्हाही बदकं. जानेवारी २०२१ ला आलप्पुळा आणि कोट्टयम, पुन्हा एच५एन८. एप्रिल २०२४ ला पुन्हा आलप्पुळा. मान वाकडी, डोळे पांढरे, गोल गोल फिरत पाण्यातच मरायची. तिकडे एकेका मालकाची हजारो बदकं, कापणी झाली की एका पाडशेखरातून (भाताच्या शेतांच्या पट्ट्यातून) दुसऱ्यात हाकत नेतात, ट्रकनंसुद्धा. मी डोळ्यांनी बघितलंय.

---

पशुवैद्य_निवृत्त
१० जानेवारी, सकाळी १०:५०

तुम्ही बरोबर आहात आणि माझं वाक्य ढोबळ होतं. 'दर वेळी मरत नाहीत' असं म्हटलं होतं, तरी नीट सांगतो.

२००२ पर्यंत जहाल विषाणूनं पाणपक्षी मरणं ही दुर्मीळ गोष्ट होती. त्या वर्षाच्या अखेरीस हाँगकाँगच्या उद्यानांत बदकं-हंस मेले. २००५ मध्ये चीनच्या चिंगहाय सरोवरावर सहा हजारांहून जास्त रानपक्षी मेले. तेव्हापासून हा विषाणू कधी बदकांना मारतो, कधी सोडून देतो. कुठल्या वाणाचा विषाणू, बदकाचं वय काय, जात कुठली, यावर ठरतं. दोन-तीन आठवड्यांची पिल्लं पटकन जातात, तोच विषाणू मोठं बदक पचवून टाकतं. कुट्टनाडला दिसलेली वाकडी मान हे मेंदूपर्यंत पोचल्याचं लक्षण. पण त्या कळपातली जी मेली नाहीत आणि पुढच्या शेतात हाकली गेली, त्यांचं काय? भीती त्यांची.

आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. बदकं मेली म्हणजे बर्ड फ्लूच असं नाही. डक प्लेग हा बदकांचा दुसरा विषाणूचा आजार आहे, पाश्चुरेला जिवाणूचा आजार आहे, साचलेल्या पाण्यातली बोट्युलिझमची विषबाधा आहे. डक प्लेगची लस मिळते, ती टोचून घ्या. भारतात जहाल बर्ड फ्लूची लस मात्र पक्ष्यांना देत नाहीत, इथलं धोरण शोधा आणि मारा असं आहे.

---

पेडण्याचा_पोल्ट्रीवाला
१० जानेवारी, दुपारी १:२०

झालं सुरू. तुम्ही धागे काढा, आम्ही दुकानं बंद करतो. जानेवारी २०२१ आठवा. केरळात बदकं मेली, राजस्थान-मध्य प्रदेशात कावळे मेले, आणि इथे माझ्या दुकानात लोक कोंबडीकडे बघेनात. माझ्या एका पक्ष्यालाही शिंक आली नव्हती. चार हजार ब्रॉयलर खाद्य खात बसले, वजन वाढत गेलं, भाव पडत गेला. तो हिशेब कोण देणार?

नमुने घ्या, काय करायचं ते करा, पण गुपचूप घ्या. गावात पांढरा ॲप्रन घालून चार माणसं आली की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर 'चोडणात बर्ड फ्लू' होतं. आणि मोकळ्या बदकांचं म्हणाल तर मुळात ती मोकळी का? माझ्या शेडला जाळी आहे, दारात पाय बुडवायला जंतुनाशक आहे, ड्रायव्हरला आत सोडत नाही. आणि बांधापलीकडे कोणाची तरी वीस बदकं रानपक्ष्यांबरोबर पोहून येऊन माझ्या पाण्याच्या टाकीखाली झोपतात.

---

चोडणची_सून
१० जानेवारी, दुपारी ३:०५

भाऊ, तुमची चीड समजते. पण आमची बदकं कोंडून ठेवली तर त्यांना खायला काय घालायचं? दिवसाचं खाणं ती शेतात मिळवतात, म्हणून तर परवडतात. विकतचं खाद्य घातलं तर एक अंडं पंधरा रुपयांना पडेल. सासूबाईंचा सगळा हिशेब नाताळाआधी दक्षिण गोव्यातल्या साष्टीतून येणाऱ्या दोन ओळखीच्या घरांवर आणि अंड्यांवर आहे.

व्हॉट्सॲपचं मात्र अगदी खरं. त्याच संध्याकाळी आमच्या ग्रुपवर कुठल्या तरी परदेशातला मेलेल्या कोंबड्यांचा फोटो 'चोडण, आज सकाळ' म्हणून फिरला. एका बाईंनी अंड्यांची ऑर्डर रद्द केली. अजून पुन्हा दिलेली नाही.

---

अडई
१० जानेवारी, सायंकाळी ६:४५

पक्षीनिरीक्षक या नात्यानं दोन गोष्टी.

पहिली, पाहुण्यांचा संबंध आहे. नोव्हेंबर ते मार्च करमळीच्या तळ्यावर, चोडणच्या खाजनात, कुडतरीच्या तळ्यांवर तलवार बदकं, थापट्ये ही रानबदकं उतरतात. मध्य आशियातून आलेले. त्यांच्यात आपले बारमाही पाणपक्षी, म्हणजे अडया, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, मिसळतात. आणि तुमची भातशेतं रिकामी होतात ती नेमकी याच दिवसांत. गावठी बदक हा या दोन जगांमधला पूल. सकाळी तलवार बदकांच्या शेजारी चरायचं, संध्याकाळी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी झोपायचं. थायलंडमध्ये २००४ च्या साथीनंतर अभ्यास झाले, तेव्हा कोंबड्यांच्या संख्येपेक्षा भाताची शेती आणि मोकळी चरणारी बदकं यांच्याशी साथीचं नातं जास्त घट्ट निघालं. ते वाचताना मला आपलं खाजनच दिसत होतं.

दुसरी, सगळा दोष पाहुण्यांवर ढकलू नका. डिसेंबर २०२०-जानेवारी २०२१ मध्ये हिमाचलच्या पोंग जलाशयावर पट्टकादंब हंस मोठ्या संख्येनं मेले, एच५एन१ नं. ते बिचारे बळी होते. विषाणू टेम्पोनंही फिरतो. अंड्यांचे ट्रे, पिंजरे, चाकांची माती, माणसाची चप्पल. गोव्यात कोंबड्या आणि अंडी बहुतेक घाटावरून, बेळगावकडून येतात. पत्रादेवी, केरी, मोले इथून रोज किती गाड्या आत येतात ते मोजा आणि मग तलवार बदकांकडे बोट दाखवा.

एक जोड खाजनवाल्यांसाठी. विषाणूला गार, गोडं पाणी मानवतं. प्रयोगशाळेत २२ अंश तापमानाच्या पाण्यात तो चारेक दिवस टिकतो, शून्य अंशाला महिन्याहून जास्त. खारटपणा वाढला की टिकण्याचे दिवस घटतात. म्हणजे भरतीचं पाणी येणारं खाजन त्या मानानं बरं, आणि सावलीतलं गोड्या पाण्याचं तळं, ज्यात शंभर पक्षी विष्ठा टाकतात, ते जास्त धोक्याचं. मात्र यावर कोणी निर्धास्त होऊ नये, पोयीतलं, म्हणजे मानशीच्या आतल्या तळ्यातलं, पाणी पावसानंतर बराच काळ गोडंच असतं.

---

पशुवैद्य_निवृत्त
१० जानेवारी, रात्री १०:१०

वचन दिलं होतं, मारण्याबद्दल.

बाटल्या बर्फातून प्रयोगशाळेत जातात. पुण्याला औंधमध्ये पश्चिम विभागाची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. अंतिम शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत. तिथे विषाणूचा अंश शोधतात, गरज पडली तर कोंबडीच्या भ्रूण असलेल्या अंड्यात विषाणू वाढवून बघतात. तिथून 'होय' आलं तरच पुढचं चक्र फिरतं. नुसत्या संशयावर कोणी तुमची बदकं मारायला येत नाही.

जहाल विषाणू पक्का ठरला तर केंद्राच्या २०२१ च्या सुधारित आराखड्याप्रमाणे त्या जागेभोवती एक किलोमीटरपर्यंत बाधित क्षेत्र. त्यातले पाळीव पक्षी मारतात, अंडी-खाद्य नष्ट करतात. एक ते दहा किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र. तिथे मारत नाहीत, नमुने घेतात, वाहतूक थांबवतात. चोडणवरून दहा किलोमीटरचं वर्तुळ काढा, पणजी, दिवाडी, करमळीचं तळं सगळं आत येतं.

भरपाई मिळते, निम्मी केंद्राची, निम्मी राज्याची. पण त्यात एक मेख आहे, ती गावोगावी सांगायला हवी. भरपाई सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची मिळते. आधी मेलेल्यांची नाही. म्हणजे लपवून ठेवलं, आठ दिवस वाट बघितली, निम्मी मेली, मग फोन केला, तर त्या निम्म्यांचे पैसे बुडाले.

---

नवापूरकर
११ जानेवारी, सकाळी ९:००

गोव्याच्या धाग्यावर खानदेशातला माणूस, पण राहवलं नाही.

फेब्रुवारी २००६. भारतातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापूरला. आमच्या घरी पोल्ट्री नव्हती, आईच्या नऊ कोंबड्या होत्या. पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या पोशाखातली माणसं दारात आली. तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे गावचाच ओळखीचा कंपाउंडर आत आहे हेही आईला आवाजावरून समजलं. त्यानं एकेक कोंबडी घेतली. आई नवव्या कोंबडीपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "खुराडं राहू दे." ते पण जाळलं.

नंतर कितीतरी दिवस पहाटे कोंबडा आरवला नाही. संपूर्ण गावात एकही. वीस वर्षं होत आली, ती शांतता अजून आठवते.

हे घाबरवायला लिहीत नाही. आमच्याकडे कोणी आधी येऊन काड्या फिरवल्या असत्या तर बरं झालं असतं, एवढंच.

---

चोडणची_सून
११ जानेवारी, सकाळी ९:४०

सासूबाईंना हे वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. उठून मागे गेल्या आणि म्हातारीच्या पुढ्यात पाणी ठेवून आल्या.

---

सत्तरीतला_गुरुजी
११ जानेवारी, दुपारी १२:३०

आमच्याकडचा अनुभव सांगतो, प्राणी वेगळा आहे. २०१५ साली सत्तरीत पाली गावात माकडताप आला. गोचिडीतून येणारा ताप. तेव्हा पहिल्यांदा समजलं की रानात मेलेलं माकड ही बातमी असते. त्याआधी माकड मेलं तर 'बागायतीतला त्रास गेला' म्हणायचे. नंतर पोरंसुद्धा येऊन सांगायला लागली, गुरुजी, कुळागरात माकड पडलंय.

पण मला इथे फरक दिसतो तो असा. माकड मरून सांगतं. बदक सांगतच नाही. मग लोकांनी काय बघायचं, काय कळवायचं?

---

पशुवैद्य_निवृत्त
११ जानेवारी, दुपारी ४:१५

गुरुजी, उत्तम प्रश्न. बदकाचं नुसतं मरण बघायचं नाही, बारीकसारीक बघायचं. अंडी अचानक निम्म्यावर आली. पाण्यात उतरायला कुरकुर. डोळ्यावर पांढुरकी साय. विष्ठा हिरवट, पाण्यासारखी. मान तिरकी. दोन-तीन पिल्लं एका रात्रीत गेली. आणि मुख्य म्हणजे त्याच अंगणातल्या कोंबड्या. बदकं ठणठणीत आणि कोंबड्या पटापट मरताहेत, हे दृश्य दिसलं की तुरे निळे पडलेत का हे बघायला सुद्धा जवळ जाऊ नका, फोन करा. राणीखेत असेल, ज्याला आपण मानमोडी म्हणतो. बदकांना तीही सहसा आडवी करत नाही. पण ते ठरवणं प्रयोगशाळेचं काम.

हे सगळं बघणारं माणूस कोण? वर्षातून दोनदा येणारा डॉक्टर नव्हे. रोज संध्याकाळी मोजून खुराडं लावणारी बाई.

---

मांडवीकाठ
११ जानेवारी, सायंकाळी ५:००

थट्टा बाजूला. एक शंका. अख्ख्या गोव्यात मोकळी बदकं किती असतील, त्यातली तेरा तपासून काय समजणार? समुद्रातून चमचाभर पाणी.

---

पशुवैद्य_निवृत्त
११ जानेवारी, रात्री ९:२५

चमचा कुठून भरता त्यावर आहे.

मोठ्या कळपातली ३० बदकं कशीही न निवडता तपासली आणि एकातही काही निघालं नाही, तर ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं की दहा टक्के किंवा जास्त बदकं बाधित नाहीत. पाच टक्क्यांची लागण पकडायची तर ६० लागतात. एक टक्का पकडायचा तर ३००. चौदाच्या घरगुती कळपात हे गणित लावत बसत नाहीत, सगळीच तपासतात. म्हणून तर डॉक्टर चौदावीसाठी अडून बसले असतील.

आणि संसर्ग एका कळपात शिरला की बदकं एकाच पाण्यात असल्यानं झपाट्यानं पसरतो. त्यामुळे एकाच गावातली तीनशे तपासण्यापेक्षा वीस वेगवेगळ्या तळ्यांकाठची, प्रत्येक घरातली पाच-दहा अशी, जास्त उपयोगाची. शिवाय ठरावीक काळानं पुन्हा. आजचा 'नाही' हा आजचाच असतो. पुढच्या आठवड्यात नवा थवा उतरला की तो शिळा.

---

पेडण्याचा_पोल्ट्रीवाला
१२ जानेवारी, सकाळी ११:१०

कालपासून विचार करतोय. नवापूरकरांचं वाचलं.

एक कबूल करतो, नाव-गाव न घेता. मागच्या पावसाळ्यात घाटावरून टेम्पो घेऊन एक जण यायचा, बदकाची पिल्लं विकायला. खाकी रंगाची, 'वर्षाला तीनशे अंडी'. बायकोनं हौसेनं वीस घेतली. पावती नाही, कागद नाही. चार दिवसांत आठ गेली. त्याला फोन लावला तर बंद. मी काय केलं? खड्डा काढून पुरली, चुना टाकला, कोणाला बोललो नाही. माझ्या शेडपासून शंभर मीटरवर. ज्या माणसाच्या दारात पाय बुडवायचं जंतुनाशक आहे, त्यानं हे केलं.

कशानं मेली माहीत नाही. थंडीनंही गेली असतील. पण कळवलं असतं तर समजलं असतं. उरलेली बारा अजून आहेत. डॉक्टर, त्यांचे नमुने घेतात का? गुपचूप?

---

पशुवैद्य_निवृत्त
१२ जानेवारी, दुपारी १२:००

घेतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन सांगा. तोपर्यंत ती बारा शेडकडे फिरकणार नाहीत असं बघा, त्यांचं पाणी वेगळं, भांडी वेगळी, आणि त्यांच्यात जाऊन आलेली चप्पल शेडमध्ये नको. आठातली बरीचशी उबेअभावी गेली असणार, प्रवासातली पिल्लं तशी जातात. पण टेम्पोवाल्यांचं जे लिहिलंत ते मी कितीतरी सभांत ओरडून सांगितलंय. रानबदक दिवसात जेवढं उडतं तेवढंच टेम्पोही धावतो, आणि टेम्पो थेट खुराड्यात उतरवतो.

---

कोची_रिटर्न
१२ जानेवारी, रात्री ८:४०

माणसांचं कोणीच विचारलं नाही. अंडी खायची की नाही? घरात लहान मुलं आहेत.

---

पशुवैद्य_निवृत्त
१२ जानेवारी, रात्री ९:१५

खा. ७० अंशांच्या वर नीट शिजलं की विषाणू उरत नाही. बदकाचं अंडं पूर्ण उकडून, अर्धकच्चं नको. धोका खाण्यात कमी, साफसफाईत आणि कापण्यात जास्त. पिसं काढणं, खुराडं खरवडणं, मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलणं. माणसाला सहज होत नाही, पण झाला तर हलका नसतो. २०२१ मध्ये दिल्लीत एक अकरा वर्षांचा मुलगा एच५एन१ नं गेला, भारतातला तो पहिला मृत्यू. आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूनं मेले. एवढं मोठं जनावर, पक्ष्यांच्या आजारानं. मुलांना पिल्लं छातीशी धरू देऊ नका, खुराड्याचं काम तोंडाला फडकं आणि नंतर साबण लावूनच.

---

अडई
१८ जानेवारी, सकाळी ८:००

आज करमळीला एक मजा. दोघे जण तळ्याच्या काठावर वाकून काहीतरी टिपत होते. वाटलं, शिंपल्या गोळा करताहेत. जवळ गेलो तर रानबदकांची ताजी, ओली विष्ठा काड्यांवर घेत होते. थवा काठावरून उठला की लगेच जायचं, वाळायच्या आत. पक्षी न पकडता तपासायची ही रीत. मी दुर्बिणीतून थवा कुठे बसतोय ते सांगत राहिलो. पंचेचाळीस मिनिटांत त्यांच्या बाटल्या भरल्या. तीस वर्षं पक्षी बघतोय, त्यांच्या विष्ठेत कोणाला इतका रस घेताना पहिल्यांदाच पाहिलं.

---

पेडण्याचा_पोल्ट्रीवाला
२४ जानेवारी, सायंकाळी ७:३०

आमच्याकडे आले होते. ॲप्रन गाडीत घातला नाही, मागच्या दारी येऊन घातला. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच विचार केला. बारापैकी बारा. बायकोनं धरली, मी चोडणच्या आजींची रीत सांगितली.

---

चोडणची_सून
१६ फेब्रुवारी, रात्री ८:५०

उशीर झाला, पण दोन बातम्या आहेत.

काल डॉक्टरांचा स्वतःहून फोन आला. तेराच्या तेरा निगेटिव्ह. स्वतःहून फोन केला हे मुद्दाम लिहितेय. माझ्या माहेरी काही वर्षांपूर्वी कोणीतरी असेच नमुने घेऊन गेलं होतं, त्यांचं पुढे काय झालं ते आजतागायत कोणी सांगितलं नाही, आणि दुसऱ्यांदा आले तेव्हा वाड्यावर अर्ध्या लोकांनी बदकं कुळागरात लपवली होती. अंडीवाल्या बाईंना मी रिपोर्टबद्दल कळवलं. त्यांनी पाठवलं, "दोन डझन."

दुसरी बातमी, म्हातारीची पिल्लं निघाली. अकरा अंड्यांतली सात. पिवळी, काळ्या टोपीची. पस्तीस दिवस ती बया फक्त पाणी प्यायला आणि थोडं शीत खायला उठली.

डॉक्टर म्हणाले, मार्चच्या सुरुवातीला, पाहुणे परतायच्या आधी, पुन्हा एक फेरी करायची आहे. आता म्हातारीही उठली आहे, तर चौदाच्या चौदा मिळतील. फोन सासूबाईंनी माझ्या हातातून घेतला.

"बाबा, सातच्या आदीं यो. फेरीबोट चुकूं नाका. आनी त्या बुरग्याक सांग, पांय धरूं नाका."